नाताळचं झाड, बालवाडीचा वर्ग आणि तुमचा पहिला हंगामी व्यवसाय



या आठवड्याच्या व्हिडिओत मी हिरव्या कागदाचं नाताळचं झाड करून दाखवलं. तेवढ्या वेळात सगळं बसलं नाही. कोणत्या वयाला कोणती कृती द्यायची, एका मुलामागे किती पैसे लावायचे, शाळेशी बोलणी कशी करायची, हे सगळं राहून गेलं. ते इथे सविस्तर लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे थोडी आकडेमोड आहे.

आधी गरज कुठे आहे ते बघू. डिसेंबर लागला की आपल्या शहरांतल्या बहुतेक प्लेग्रुप-नर्सरीत नाताळ साजरा होतो. शाळा ख्रिस्ती संस्थेची असो वा नसो. वर्गाच्या ताईंना सांगितलं जातं, "मुलांकडून काहीतरी छान करून घ्या, पालकांना पाठवायचंय." ताईंकडे वीस मुलं, मदतीला एक मावशी आणि वेळ अजिबात नाही. मग ताई रात्री घरी बसून साठ त्रिकोण कापतात, स्वतःच चिकटवतात आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात तयार झाड देऊन फोटो काढतात. मुलाने त्यात काय केलं? वर एक टिकली चिकटवली.

तुमचा व्यवसाय इथे आहे. ताईंचा रात्रीचा वेळ वाचवा आणि मुलाला स्वतःच्या हाताने काहीतरी करू द्या. या दोन गोष्टींसाठी शाळा पैसे देते. तुमचं झाड किती सुंदर दिसतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

माझी पहिली चूक

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. प्रशिक्षण द्यायला लागण्याआधी मी स्वतः अशा कार्यशाळा घ्यायचे. पहिल्या डिसेंबरमध्ये एका शाळेची तीन दिवसांची ऑर्डर मिळाली, रोज चाळीस मुलं. मी हुरळून गेले. चमकी, सोनेरी मणी, बारीक घंट्या, सगळं आणलं. माझं नमुन्याचं झाड इतकं देखणं झालं होतं की शाळेच्या बाई बघतच राहिल्या.

पहिल्या दिवशी वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत, तोच एका तीन वर्षांच्या मुलाने मणी नाकात घातला. मूल रडायला लागलं, ताई घाबरल्या, आईला फोन गेला. डॉक्टरांनी मणी काढला, मुलाला काही झालं नाही. पण त्या दुपारी शाळेने उरलेले दोन दिवस रद्द केले. ऐंशी मुलांचं सामान माझ्या घरात पडून राहिलं. आणि खरं सांगू? शाळेचं काही चुकलं नव्हतं. माझंच चुकलं होतं. मी झाड मोठ्यांच्या डोळ्यांसाठी बनवलं होतं. तीन वर्षांच्या हाताचा आणि तोंडाचा विचारच केला नव्हता.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: आधी वय, मग कृती, मग सामान. सजावट सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं या क्रमानेच वाचा.

हे झाड आलं कुठून?

शाळेत कोणीतरी विचारणारच, म्हणून एवढं माहीत असू द्या. सूचिपर्णी झाड घरात आणून सजवायची प्रथा जर्मन भाषिक प्रदेशातली. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापून आलं आणि इंग्लंडमध्ये ही प्रथा घरोघरी जायला मोठा हातभार लागला. आपल्याकडे ते फरचं झाड उगवत नाही. म्हणून कोणी सुरूची फांदी आणतं, कोणी नर्सरीतून 'ख्रिसमस ट्री' या नावाने मिळणारं अरौकारियाचं रोप आणतं. 'नाताळ' हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. वसईत आणि गोव्यात नाताळला घरोघरी ताऱ्याचे कंदील लागतात, येशूजन्माचे देखावे मांडले जातात. ज्यांचा हा सण आहे, ती माणसं आपल्याच गावात राहतात. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांच्याशी बोला, त्यांच्या घरी झाड कसं सजतं ते विचारा. वर्गात मुलांना सांगायला खरी गोष्ट मिळेल.

आणि सामान महागच हवं असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा परिसरातल्या वस्तूंनाच शैक्षणिक साहित्य केलं होतं. आपल्या स्वयंपाकघरातली भेंडी आणि कणीकसुद्धा नाताळच्या वर्गात चालते. कशी, ते आता बघू.

वयाप्रमाणे सहा कृती

१. फाडा आणि चिकटवा (२ ते ३ वर्षं). या वयाच्या मुलाला कात्री द्यायची नाही. कागद फाडायला मात्र त्याला मनापासून आवडतं आणि त्यातून बोटांची पकड पक्की होते. पुठ्ठ्याचा किंवा जाड कार्डशीटचा त्रिकोण तुम्ही कापून न्या. हिरवा घोटीव कागद, जुनी वर्तमानपत्रं आणि क्रेप पेपरच्या पट्ट्या मुलाला फाडू द्या. चिकटवायला घरी केलेली मैद्याची खळ चालते. ती त्याच दिवशी संपवा. झाड वेडंवाकडं होईल. होऊ द्या.

२. सगळ्या वर्गाचं एक झाड (२ वर्षांपासून पुढे). मोठ्या पांढऱ्या कागदावर हिरव्या रंगात तळहातांचे ठसे, बोटं खालच्या बाजूला. खालच्या ओळीत ६, मग ५, ४, ३, २ आणि सगळ्यात वर १. बेरीज होते २१. वर्गात वीस मुलं असतील तर एकविसावा, शेंड्यावरचा ठसा शाळेतल्या मावशींचा घ्या. इतर ठशांपेक्षा तो मोठा दिसतो, दिसू दे. मुलं घरी जाऊन सगळ्यात आधी हेच सांगतात. खोडासाठी ताईंचा तळहात, तपकिरी रंगात. हे झाड शाळेच्या दारात लागतं आणि घ्यायला आलेला प्रत्येक पालक त्यात आपल्या मुलाचा हात शोधतो. तुमची याहून चांगली जाहिरात नाही.

३. भेंडीचा ठसा (३ वर्षांपासून). भेंडी आडवी कापली की आत ताऱ्यासारखा आकार दिसतो. देठाकडचा अर्धा भाग मुलाच्या हातात द्या, तो धरायला सोपा जातो. कापलेली बाजू फडक्याने पुसून घ्या, नाहीतर चिकट पाण्याने रंग पसरतो. हिरव्या त्रिकोणावर पिवळे, लाल, पांढरे तारे उमटतात. पाव किलो भेंडी वीस मुलांना पुरून उरते. मणी आणि चमकीचं काम भेंडी करते आणि नाकात जात नाही!

४. तीन त्रिकोणांचं झाड (३ ते ४ वर्षं). मोठा, मधला आणि लहान असे तीन हिरवे त्रिकोण. मुलाने ते क्रमाने लावायचे, मोठा खाली. सुरुवातीला विचारा, "त्रिकोणी खाऊ कोणता?" समोसा लगेच आठवतो. इथे मूल आकार ओळखतं, लहान-मोठं ठरवतं आणि क्रम लावतं. शाळेला हेच ऐकायचं असतं. म्हणून बोलताना 'सुंदर क्राफ्ट' म्हणू नका, 'आकार आणि क्रम' म्हणा.

५. पालकाच्या कणकेचं झाड (३ ते ५ वर्षं). पालक उकळून, वाटून, गाळून त्या रसात कणीक घट्ट मळायची. हिरवा गोळा तयार. मुलं लाटतात, थापतात, त्रिकोण करतात, चमच्याच्या टोकाने नक्षी काढतात. बाजारातल्या रंगीत मातीसारखाच आनंद आणि चुकून तोंडात गेलंच तर घाबरायचं कारण कमी. तरी 'हे खायचं नाही' हे सांगायचंच. मीठ भरपूर घालून केलेला टिकाऊ गोळा या वयाला देऊ नका. तेवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. वर्गात कोणाला गव्हाची ॲलर्जी आहे का, हे ताईंना आधी विचारा.

६. काडी आणि पट्ट्या (५ ते ६ वर्षं). आता बोथट टोकाची कात्री चालते. आईस्क्रीमची एक काडी म्हणजे खोड. हिरव्या कागदाच्या पट्ट्यांवर तुम्ही खुणा करून न्या: १२, १०, ८, ६ आणि ४ सेंटीमीटर. मुलाने खुणेवर कापायचं आणि लांब पट्टी खाली, आखूड पट्टी वर अशी चिकटवायची. पाच पट्ट्या मोजणं, लांबी पाहून लावणं आणि कात्री सरळ चालवणं, तिन्ही एकाच कामात होतं.

सहाही कृती एका दिवशी करायच्या नाहीत. एका वर्गाला एक हस्तकला आणि एक खेळ, बस्स. खेळ कोणता? मुलांना झाड व्हायला सांगा. पाय घट्ट रोवलेले, हात बाजूला फांद्यांसारखे. तुम्ही म्हणा "वारा आला", की सगळी झाडं डोलतात. "वारा थांबला", की सगळी स्तब्ध. दुसरा खेळ: वर्गात पाच मोठे कागदी तारे लपवून ठेवा. मुलांनी शोधून आणायचे, सगळ्यांनी मिळून मोजायचे आणि मोठ्या झाडावर लावायचे. या खेळांना खर्च शून्य आणि वर्ग तुमचा होतो.

चाळीस मिनिटांचा वर्ग

माझा आराखडा असा आहे. पहिली पाच मिनिटं ओळख आणि झाडाची गोष्ट. पाच मिनिटं वाऱ्याचा खेळ. पंधरा मिनिटं हस्तकला, कारण त्यापुढे या वयाचं लक्ष टिकत नाही. पाच मिनिटं हात धुणं. पाच मिनिटं प्रत्येकाने आपलं झाड दाखवणं. उरलेली पाच मिनिटं राखीव, कारण कोणीतरी रडणार, कोणाला तरी शी-शू लागणार.

सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस हवं. वीस मुलांच्या वर्गात तुम्ही, तुमची मदतनीस आणि वर्गाच्या ताई मिळून तिघी झालात. मदतनीस न घेता जाऊ नका. पैसे वाचवायला म्हणून एकटीने वर्ग घेतला की पहिला रंग सांडल्यावरच कळतं काय चुकलं ते.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट: मुलाचं झाड दुरुस्त करू नका. त्रिकोण उलटा लागला तर लागला. तुम्ही तो काढून सरळ लावलात की ते झाड तुमचं झालं.

सुरक्षितता: इथे तडजोड नाही

• टॉयलेट पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घरी जपून ठेवा. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. मणी, बटणं, घंट्या, छोटे पोमपोम, सुरूची बारीक फळं, सगळं बाद. तीन ते चार वर्षांच्या वर्गातही मी हाच नियम लावते. माझ्या वर्गात नाकात मणी घालणारं मूल तीन वर्षांचंच होतं.

• चमकी नको. ती हाताला लागते आणि हात डोळ्याकडे जातो.

• रंग पाण्यात विरघळणारे, डब्यावर 'नॉन-टॉक्सिक' छापलेले घ्या. सुटे, बिननावाचे रंग स्वस्त मिळतात, पण आणू नका.

• गरम गोंदाची बंदूक घरी तयारी करताना वापरा. वर्गात न्यायची नाही.

• सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तुमच्या पिशवीत ते दिसताच कामा नये.

• मुलांचे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय स्टेटसला किंवा पानावर टाकू नका. हातांचे आणि झाडांचे फोटो काढा, तेवढे पुरतात.

आता हिशेब

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावातले भाव घाला, पण पद्धत हीच ठेवा. समजा, एका सकाळी तीन वर्ग, म्हणजे ६० मुलं.

एका मुलाचं सामान: कार्डशीट ४ रुपये, रंगीत कागद ३, रंग आणि गोंद ६, पाकीट आणि नावाची चिठ्ठी ३, वाया जाणारं २. एकूण १८ रुपये. साठ मुलांचे १,०८० रुपये.

मदतनीस ६०० रुपये. रिक्षा-पेट्रोल ३०० रुपये. रोख खर्च झाला १,९८० रुपये.

आता तुमचा वेळ. आदल्या दिवशी तयारीचे ५ तास आणि शाळेतले ४ तास, एकूण ९ तास. बहुतेक जणी इथेच फसतात. म्हणतात, "घरीच तर बसले होते, वेळेचे कसले पैसे?" आणि एका मुलाचे ४० रुपये सांगून मोकळ्या होतात. साठ मुलांचे २,४०० आले, १,९८० गेले, हातात उरले ४२०. नऊ तासांचे ४२० म्हणजे तासाला ४७ रुपयांहूनही कमी! तुमच्या मदतनीसला सुद्धा तुमच्यापेक्षा जास्त मिळाले.

हेच तासाला किमान १५० रुपये धरले तर तुमच्या वेळेचे १,३५० होतात. रोख खर्चासकट ३,३३०, म्हणजे एका मुलामागे साडेपंचावन्न रुपये. ही तुमची खरी किंमत. याच्या खाली जायचं नाही. ८० रुपये सांगितलेत तर ४,८०० येतात, रोख खर्च जाऊन २,८२० उरतात. तासाला ३१३ रुपये.

पण थांबा. साठ मुलं ठरली आणि आली पस्तीसच तर? डिसेंबरात सर्दी-तापाने हजेरी कमी होते, काही घरं सुट्टीवर आधीच निघतात. पस्तिसाचे २,८०० येणार, सामान मात्र साठांचं आणलेलं. १,९८० वजा केले की उरले ८२०. म्हणून बोलणी करतानाच किमान संख्या ठरवा: "मॅडम, सामान आधी तयार करावं लागतं, म्हणून किमान ५० मुलांचे पैसे धरते." बहुतेक शाळांना हे पटतं. निम्मी रक्कम आधी, निम्मी त्याच दिवशी. 'सुट्टीनंतर देतो' याला हसून नाही म्हणायला शिका. जानेवारीत तुमचं बिल कोणाच्या लक्षात राहत नाही.

पहिल्या वर्षी सहा सकाळी मिळवायचं ध्येय ठेवा. सगळ्या साठ-साठ मुलांच्या भरल्या तर १६,९२० रुपये हातात राहतात. काही कमी भरतील, तेही धरून चाला. यातून घर चालणार नाही. पण तीन आठवड्यांत सहा शाळांचे दरवाजे उघडतात आणि पुढच्या हंगामाचं भांडवल घरातून मागावं लागत नाही.

शाळेशी कधी आणि कसं बोलायचं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात. डिसेंबर उजाडल्यावर गेलात तर उशीर झाला असेल. घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरातल्या दहा शाळांची यादी करा. आधी हा निरोप पाठवा:

"नमस्कार मॅडम, मी लहान मुलांसाठी हस्तकलेचे वर्ग घेते. नाताळनिमित्त तुमच्या नर्सरीसाठी ४० मिनिटांची कार्यशाळा घेऊ इच्छिते. सगळं सामान माझं, स्वच्छताही आम्हीच करतो. बारीक वस्तू आणि चमकी वापरत नाही. प्रत्येक मूल स्वतः केलेलं झाड घरी घेऊन जाईल. आपल्याला कधी भेटता येईल?"

भेटायला जाताना दोन नमुने न्या. एक तुम्ही केलेला आणि एक शेजारच्या तीन वर्षांच्या मुलाने केलेला. दुसरा नमुना बघून बाईंचा विश्वास बसतो. त्यांना हेही विचारा, "तुमच्याकडे नाताळ म्हणून करायचंय की हिवाळ्याचं झाड म्हणून?" प्रत्येक शाळेची पद्धत वेगळी असते. आधी विचारलेलं बरं, नंतर पालकांसमोर गोंधळ नको.

शाळा नाही म्हणाली तर सोसायट्या आहेत. डिसेंबरचे शनिवार-रविवार, क्लबहाऊस, पंधरा मुलं. तिथे संख्या कमी असते, म्हणून मुलामागचा दर जास्त ठेवा.

सामान कुठून आणि कागदपत्रं कोणती

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक, नागपुरात इतवारी. नोव्हेंबरमध्येच जा. डिसेंबरात गर्दी वाढते आणि हिरवा कागद आधी संपतो. रीम आणि डझनाच्या भावाने घ्या. कार्डशीटवर त्रिकोण आखताना एक सुलटा, एक उलटा असे मांडा. कागद खूप कमी वाया जातो.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात सेवा व्यवसायाची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे लागत नाही.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. बऱ्याच जणी विचारतात, "ताई, वर्ग नको, सामानाची पाकिटं करून ऑनलाइन विकू का?" भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तुमचं पाकीट त्या नियमात येतं का, हे विकण्याआधी भारतीय मानक ब्युरोच्या कार्यालयात विचारून घ्या. पहिल्या वर्षी तरी वर्गच घ्या. समोर मूल असतं, चूक लगेच दिसते आणि सुधारता येते. पाकीट घरी गेल्यावर त्यातला मणी कोणाच्या हातात पडतो, ते तुम्हाला कळत नाही.

२५ तारखेनंतर उरलेल्या सामानाचं काय?

माझ्या घरात ऐंशी मुलांचे सोनेरी मणी पडून होते, ते मी कशालाच वापरू शकले नाही. तुम्ही सामान निवडतानाच पुढचा सण डोळ्यांसमोर ठेवा. दोन त्रिकोण पायाला पाय लावून जोडले की पतंग होतो, म्हणजे संक्रांतीचा वर्ग तयार. हिरवा आणि पांढरा कागद उरलाय? फक्त केशरी आणा, २६ जानेवारीचा तिरंगा झाला. नाताळला ज्या शाळेत गेलात, तिथेच निघताना विचारायचं, "मॅडम, संक्रांतीला येऊ का?" नवीन शाळा शोधण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

एक: घरातल्या किंवा शेजारच्या एका लहान मुलाबरोबर भेंडीच्या ठशांचं झाड करून बघा. घड्याळ लावा. किती मिनिटांनी ते उठून पळालं, ते लिहून ठेवा.

दोन: तुमच्या गावच्या भावाने एका मुलाचा खर्च काढा. स्वतःच्या वेळेचे पैसे धरायला विसरू नका.

तीन: दहा शाळांची नावं वहीत लिहा आणि त्यांतल्या तीन शाळांना निरोप पाठवा.

आणि वर्गात एखाद्या मुलाचं झाड अगदीच वाकडं झालं, तरी त्याच्या आईला ते तसंच द्या. ती ते फ्रीजवर लावते. त्यामागे तुमचं नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर कामाला लागा!